काकांची एक लाखाची रेघ

काकांचं रिटर्न मी दर वर्षी भरतो. मोबदल्यात काकू सुरळीच्या वड्या करतात, त्यामुळे हा करार गेली सात-आठ वर्षं मोडलेला नाही. १६ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी एडिसनच्या त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, काकांनी बुटांच्या खोक्यातून १०९९ चे, म्हणजे वर्षभराचं पेन्शन-व्याज दाखवणारे कागद एकेक करून पुढे केले, आणि तासाभराने न्यू जर्सी राज्याच्या कराच्या रकान्यात ८२२ डॉलर दिसले. आदल्या वर्षी तिथे दीडशेच्या आसपास आकडा होता.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, एक शून्य-बिन्य जास्त पडलंय का बघ."

शून्य जास्त पडलं नव्हतं. सहाशे-सव्वासहाशे डॉलरनी काका काही रस्त्यावर येणार नव्हते. पण हा भुर्दंड बसण्यात माझ्या सल्ल्याचा मोठा वाटा होता, आणि गंमत अशी की तो सल्ला चुकीचा नव्हता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय. काका-काकूंची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत. गणित मात्र जसंच्या तसं आहे.

घरची परिस्थिती

काका अडुसष्ट वर्षांचे, बाबांचे चुलतभाऊ. एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीचं पेन्शन वर्षाला ३१,००० डॉलर येतं, शिवाय आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून ते गरजेप्रमाणे काढतात. २०२४ मध्ये ३९,००० काढले. म्हणजे पेन्शन या सदराखाली एकूण ७०,०००. काकू सहासष्टच्या, एका दवाखान्यात अर्धवेळ रिसेप्शनला बसतात. त्यांचा पगार १८,०००. इथल्या बँकांच्या ठेवींचं व्याज आणि लाभांश मिळून ११,२००. दोघांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन येतं, पण न्यू जर्सी त्यावर कर लावत नाही आणि उत्पन्नात धरतही नाही. घर स्वतःचं, त्याचा मालमत्ता कर वर्षाला ११,०००.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. अमेरिकेत आयकर दोनदा भरावा लागतो, एकदा वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला, आणि एकदा राज्याला. टेक्सास, फ्लोरिडा अशी काही राज्यं पगारावर काहीच घेत नाहीत. पेनसिल्व्हेनिया सरसकट ३.०७ टक्के घेतं, इलिनॉय ४.९५. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांचे आपल्यासारखे टप्पे आहेत, ज्यांना इकडे ब्रॅकेट म्हणतात आणि आपण स्लॅब. दोन्ही करांचे नियम वेगळे. एकीकडे चालणारी वजावट दुसरीकडे चालेलच असं नाही, आणि या प्रकरणात तेही आडवं आलं.

दिवाळी २०२३

गोष्ट सुरू झाली फराळाच्या ताटावर. दवाखान्याने काकूंना आणखी काही तास काम करता का म्हणून विचारलं होतं. पगार १४,००० चा १८,००० झाला असता. काकूंना हवं होतं. काकांनी नकार दिला.

"एक लाखाच्या वर गेलो की सगळं मुसळ केरात. मराठी मंडळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहितीये. एक लाख ओलांडायचं नाही."

मी हसलो. आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं, पण हसलो. मोठ्या रकमेच्या टप्प्यात पाऊल पडलं की सगळ्या उत्पन्नावर मोठा दर लागतो, हा गैरसमज मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की त्याचं उत्तर मला पाठ होतं. बोनस नको म्हणणारे, ओव्हरटाइम टाळणारे, बायकोने नोकरी करू नये यासाठी ब्रॅकेटचा दाखला देणारे, सगळे भेटलेत. मला वाटलं, काकाही त्यातलेच.

"काका, न्यू जर्सीत एक लाखाला टप्पाच नाहीये," मी म्हणालो आणि वही ओढून लिहायला घेतलं. जोडप्याने एकत्र रिटर्न भरलं तर पहिल्या २०,००० वर १.४ टक्के. त्यापुढे ५०,००० पर्यंत १.७५. मग ७०,००० पर्यंत २.४५, ८०,००० पर्यंत ३.५, दीड लाखापर्यंत ५.५२५, पाच लाखांपर्यंत ६.३७, दहा लाखांपर्यंत ८.९७ आणि त्यावर १०.७५. एक लाख हा आकडा ५.५२५ च्या टप्प्याच्या पोटात येतो. तिथे काहीच बदलत नाही.

मग मी महावितरणचं बिल काढलं. म्हणजे शब्दांनी. काकांचा कोथरूडचा फ्लॅट अजून आहे, त्याचं बिल ते ऑनलाइन भरतात. शंभर युनिटांपर्यंत एक भाव, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा. एकशे एकावं युनिट जळलं म्हणून पहिली शंभर युनिटं महाग होतात का? नाही. महाग होतं ते एकशे एकावं. कराचंही तेच. शेवटच्या डॉलरवर जो दर लागतो तो सीमांत दर, तो फक्त त्या डॉलरपुरता. खालच्या डॉलरांना त्याची झळ लागत नाही.

काकांनी राज्याचं दरपत्रक काढून दाखवलं. "हे बघ. इथे स्पष्ट लिहिलंय. करपात्र रक्कम गुणिले ०.०२४५. सगळी रक्कम! नुसती वरची नाही."

हा मुद्दा खरंच बघण्यासारखा आहे, कारण कागद वाचणारा माणूस नेमका इथेच फसतो. दरपत्रकात पहिला गुणाकार पूर्ण रकमेचाच असतो. पण शेजारी आणखी एक रकाना असतो, वजा करायच्या रकमेचा. ५०,००० ते ७०,००० च्या टप्प्यात ०.०२४५ ने गुणायचं आणि ४२० वजा करायचे. ५०,००० ला गुणलं तर १,२२५ येतात, त्यातून ४२० गेले की ८०५. आणि टप्प्याटप्प्याने मोजलं तर पहिल्या २०,००० चे २८० आणि पुढच्या ३०,००० चे ५२५, बेरीज ८०५. तोच आकडा. खालच्या डॉलरांवर चुकून जास्त लागलेला दर त्या ४२० मधून परत दिलेला असतो. दीड लाखाच्या वरच्या टप्प्यात हीच वजा रक्कम ४,०४२.५० असते. काकांनी पहिला रकाना वाचला होता, दुसरा राहिला होता.

ते ४२० काकांना पटले. इंजिनिअर माणूस, उदाहरण जुळलं की मान हलवतो. काकूंनी दुसऱ्या दिवशी दवाखान्याला होकार कळवला. मी चिवडा बांधून घेऊन घरी आलो.

रेघ कुठे होती

टप्प्यांबद्दल मी बोललो त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. काका मात्र टप्प्यांबद्दल बोलतच नव्हते, पण ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ऐकीव आकडा धरून ठेवला होता आणि कारण स्वतःच्या मनाने चिकटवलं होतं. मी कारण खोडून काढलं आणि त्यासोबत आकडाही फेकून दिला.

न्यू जर्सीत बासष्ट वर्षांवरच्यांना पेन्शनवर सूट मिळते. कंपनीचं पेन्शन, आयआरए आणि ४०१के या नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेतून काढलेले पैसे, वर्षासन, सगळं त्यात येतं. जोडप्याला एक लाख डॉलरपर्यंतचं पेन्शन पूर्ण माफ. पण अट अशी की एकूण उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. एकूण उत्पन्न एक लाख ते सव्वा लाख असेल तर पेन्शनच्या फक्त ५० टक्के रक्कम माफ. सव्वा ते दीड लाखात २५ टक्के. दीड लाखाच्या वर एक डॉलर गेला तर शून्य.

एनजे-१०४० या फॉर्मवर एकूण उत्पन्न २७ व्या ओळीत येतं, पेन्शनची सूट २८ व्या ओळीत. कराचे टप्पे लागतात ते याच्या कितीतरी खाली, माणशी सूट आणि मालमत्ता कराची वजावट जाऊन उरलेल्या करपात्र रकमेवर. मी दिवाळीत जो जिना समजावला तो फॉर्मच्या तळाशी होता. रेघ वर होती, २७ व्या ओळीवर. काकांची करपात्र रक्कम तेव्हा दहा-बारा हजारांत होती, म्हणजे सगळ्यात खालच्या १.४ टक्क्यांच्या पायरीवर. तिथे बसलेल्या माणसाला टप्प्याची भीती कशाला, असं मला वाटलं. ते त्या पायरीवर बसले होते ते सत्तर हजारांची सूट मिळत होती म्हणूनच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांचं रिटर्न मीच भरत होतो!

मंडळातल्या म्हाताऱ्यांचा आकडाही हवेतला नव्हता. २०१६ मध्ये न्यू जर्सीने पेट्रोलवरचा कर गॅलनला २३ सेंटने वाढवला आणि त्या सौद्यात निवृत्तांना ही सूट टप्प्याटप्प्याने वाढवून दिली. जोडप्याला २०१७ मध्ये ४०,००० पासून २०२० मध्ये एक लाखापर्यंत. पण एकूण उत्पन्न एक लाखाच्या वर एका डॉलरने गेलं तरी तेव्हा सूट पूर्ण जायची, अर्धी-पाव काही नाही. ५० आणि २५ टक्क्यांच्या पायऱ्या आल्या २०२१ च्या करवर्षापासून. म्हणजे "एक लाख ओलांडायचं नाही" हे त्या काळात अगदी शब्दशः खरं होतं. आजोबांनी नातवाला सांगावं तसं ते मंडळात एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि जाताना कारण वाटेत गळालं.

पंधराशे डॉलर

काकूंचे वाढीव तास धरूनही २०२४ चं एकूण उत्पन्न ९९,२०० झालं असतं. रेघेच्या आत. पुढचं नशिबाने केलं.

२०२४ च्या अगदी सुरुवातीला काका पुण्यात होते. तिथल्या एका बँकेत त्यांनी १८ लाख रुपयांची एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची ठेव केली, ७ टक्क्यांनी, व्याज दर तिमाहीला खात्यात. वर्षाचं व्याज १,२६,००० रुपये, म्हणजे १,५०० डॉलरच्या आसपास. एनआरई ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, हे प्रत्येक अनिवासी मराठी माणसाला गायत्री मंत्रासारखं पाठ असतं. पण अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, वॉशिंग्टनलाही आणि न्यू जर्सीलाही. भारतात माफ असल्याने इथे काही फरक पडत नाही.

त्या रविवारी खोक्याच्या तळाशी बँकेचं स्टेटमेंट निघालं. मी ते व्याज भरलं आणि २७ वी ओळ झाली १,००,७००.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो. ९९,२०० वर थांबले असते तर पेन्शनचे ७०,००० पूर्ण वगळले गेले असते, उरले असते २९,२००. त्यातून दोघांची माणशी एक हजार आणि पासष्टच्या वरच्या वयाची आणखी माणशी एक हजार सूट, म्हणजे ४,०००, आणि मालमत्ता कराचे ११,००० गेले की करपात्र १४,२००. १.४ टक्क्याने कर १९८.८०.

१,००,७०० वर मात्र पेन्शनचे ३५,०००च वगळायचे. उरले ६५,७००. तेच १५,००० वजा जाऊन करपात्र ५०,७००. ०.०२४५ ने गुणून ४२० वजा, कर ८२२.१५.

फरक ६२३ डॉलर ३५ सेंट. पंधराशे डॉलरच्या व्याजावर! म्हणजे साडेएकेचाळीस टक्क्यांहून जास्त. न्यू जर्सीचा सगळ्यात वरचा दर, दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांचा, १०.७५ टक्के आहे. दरपत्रकाप्रमाणे काका २.४५ च्या टप्प्यात होते.

वॉशिंग्टनचा २२ टक्क्यांचा हिस्सा ३३० डॉलर वेगळा. दोन्ही मिळून ९५३ गेले, हातात ५४७ राहिले. सात टक्क्यांची ठेव काकांना त्या वर्षी अडीच टक्क्यांच्या आसपास पडली, आणि रुपयाची घसरण मी धरलेलीच नाही.

रेघेवर नेमकं काय होतं ते बघायचं तर याहून टोकाचा हिशेब आहे. एकूण उत्पन्न बरोबर १,००,००० असतं तर काकांचा कर २१०. १,००,००१ असतं तर ८०५. त्या एका डॉलरची किंमत ५९५ डॉलर.

काकूंनी हे सगळं ओट्यापाशी उभं राहून ऐकलं. "म्हणजे मी जास्त तास बसले नसते तर?"

तर एकूण ९६,७०० झालं असतं, व्याज धरूनही आतच, आणि कर १६४ च्या आसपास. मी खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं," आणि वड्यांवर खोबरं पसरायला लागल्या. त्या 'बरं'ची धार ज्यांच्या घरी अशी काकू आहे त्यांना कळेल.

काय काय करून पाहिलं

काकांचा पहिला प्रश्न साहजिक होता, आणि त्यांनी तो आवाज खाली आणून विचारला. "ते व्याज दाखवलंच पाहिजे का?" दाखवलंच पाहिजे. कायदा तर आहेच, शिवाय अमेरिकेबाहेरच्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर त्या खात्यांची माहिती अमेरिकी अर्थखात्याला वेगळी कळवावी लागते, आणि भारतातल्या बँकाही अशा खातेदारांची माहिती करारानुसार पाठवतात. विषय तिथे संपला.

दुसरा उपाय नेहमीचा. वर्ष संपल्यावरही १५ एप्रिलपर्यंत आयआरएमध्ये पैसे भरता येतात, आणि काकूंना पगार असल्यामुळे त्यांना तो हक्क होता. हजार डॉलर भरले की उत्पन्न एक लाखाच्या खाली. मी उत्साहाने आकडा टाकला. वॉशिंग्टनचा कर उतरला, न्यू जर्सीचा जागचा हलला नाही. न्यू जर्सी आयआरएमध्ये भरलेल्या रकमेची वजावट देतच नाही. ४०१के ची देतं, पण काकूंच्या दवाखान्यात ती योजना नाही.

तोट्यातला एखादा म्युच्युअल फंड विकून? या राज्यात एका वर्षातला भांडवली तोटा त्याच वर्षाच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो, व्याजातून नाही, आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. काकांना २०२४ मध्ये विक्रीचा नफाच नव्हता. आणि ३१ डिसेंबर तर केव्हाच उलटला होता.

मग मला साठ दिवस आठवले. आयआरएमधून काढलेले पैसे साठ दिवसांच्या आत परत आयआरएमध्ये टाकले तर ते काढलेच नाहीत असं धरलं जातं. बारा महिन्यांत एकदाच हे करता येतं, आणि मधे ३१ डिसेंबर येऊन गेला तरी चालतं. काकांनी शेवटची रक्कम कधी काढली होती? विमानाच्या तिकिटांसाठी, १० डिसेंबरला, तीन हजार. त्यातले नुसते आठशे परत टाकले असते तरी २७ वी ओळ ९९,९०० झाली असती.

मी बोटांवर मोजलं. डिसेंबरचे एकवीस, जानेवारीचे एकतीस, झाले बावन्न. साठावा दिवस ८ फेब्रुवारी.

त्या दिवशी तारीख १६ होती. आधीच्या रविवारी मी आलो असतो तरी एका दिवसाने उशीर झाला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण जानेवारीत काकांनी दोनदा फोन केला होता, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "सगळे १०९९ येऊ देत, मग बसू." सव्वाशे-दीडशे डॉलरच्या रिटर्नची घाई कोणाला असते.

८२२ डॉलर भरले.

रेघ अशी का असते

भारतातल्या भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे असं नसतं. त्याच्याकडेही असतं, फक्त तिथे उतार बांधलाय. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ६०,००० रुपयांचा कर निघतो आणि तो ८७अ कलमाखाली पूर्ण माफ होतो. मग बारा लाख दहा हजारवाल्याचं काय? टप्प्यांनी मोजलं तर त्याचा कर ६१,५०० होईल, दहा हजार जास्त कमावल्याची ती शिक्षाच झाली. म्हणून सीमांत सवलत आहे. उपकर सोडला तर बारा लाखांच्या वर जितकं कमावलं त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, म्हणजे त्याच्याकडून दहा हजारच. हा उतार साधारण १२,७०,५०० पर्यंत चालतो, मग नेहमीचे टप्पे पकड घेतात. त्या उतारावर मात्र जास्तीचा प्रत्येक रुपया सरकारजमा होतो, सीमांत दर शंभर टक्के, जो कुठल्याच स्लॅबच्या तक्त्यात छापलेला नाही. जुन्या प्रणालीत पाच लाखांच्या माफीला तर असा उतारही नाही. पाच लाखांच्या वर दहा रुपये गेले की १२,५०० रुपये आणि उपकर.

हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क राज्यात तिसराच प्रकार आहे. तिथे उत्पन्न १,०७,६५० डॉलरच्या वर गेलं की खालच्या टप्प्यांचा फायदा हळूहळू परत काढून घेतात. पुढच्या पन्नास हजारांत तो पूर्ण जातो, आणि मग खरोखरच सगळ्या रकमेवर वरचा दर लागतो. ज्या गैरसमजावर मी दिवाळीत हसलो तो न्यूयॉर्कने कायदा करून खरा केलाय. आणि दुसऱ्या बाजूला डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया निवृत्तीच्या पेन्शनवर राज्याचा आयकर घेतच नाही. काका हे ऐकून दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "तिकडे मंडळ आहे पण त्यांची दिवाळी आपल्यासारखी होत नाही." तो विषयही तिथेच संपला.

न्यू जर्सीच्या रेघेला उतार बांधणं अवघड नाही. तीन पायऱ्या केल्याच आहेत, त्यांच्या जागी घसरगुंडी करायची. दीड लाखाच्या रेघेला तर हिशेब याहून जड जातो. कोणाचं पेन्शन एक लाख असेल तर तिथे एका डॉलरने २५,००० ची सूट जाते आणि ५.५२५ च्या दराने १,३८१ डॉलर पडतात. एवढी मोठी पायरी ज्याने लिहिली त्याने घरातल्या एखाद्या निवृत्त माणसाचं रिटर्न कधी भरलं नसावं, असं माझं मत आहे. असो.

२०२५

पुढच्या वर्षासाठी आम्ही दोन रस्ते काढले, आणि दुसरा रस्ता काढताना मला या नियमातली सगळ्यात विचित्र गोष्ट दिसली.

पहिला रस्ता सरळ, रेघेच्या आत राहायचं. काकांच्या इथल्या मुदत ठेवी संपत आल्या होत्या. त्यांचं वर्षाचं साधारण ४,५०० व्याज होतं. ते पैसे अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलांत टाकले. या कर्जरोख्यांच्या व्याजावर कुठलंच राज्य आयकर लावू शकत नाही, आणि न्यू जर्सीच्या २७ व्या ओळीत ते येतच नाही. एनआरई ठेव मोडायला काका तयार नव्हते. पुण्यात पैसे असले की त्यांना बरं वाटतं, आणि ते कुठल्या ओळीत लिहायचं मला माहीत नाही. काकूंचे तास तसेच राहिले. त्याबद्दल पुन्हा चर्चा करायची माझी हिंमत नव्हती.

दुसरा रस्ता छपरामुळे निघाला. घराचं छप्पर बदलायला आलंय, १९,००० चा अंदाज मिळालाय. काका म्हणाले, दोन-तीन वर्षांत विभागून काढू, दर वर्षी थोडे थोडे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण रेघ एकदा ओलांडली की पुढे काय होतं ते बघा. २०२४ मध्ये १,००,७०० वर पोचल्यावर काकांनी आयआरएमधून आणखी १९,००० काढले असते, तर एकूण १,१९,७०० झालं असतं, सव्वा लाखाच्या आत. त्या १९,००० पैकी निम्मे माफ, उरलेल्या ९,५०० वर २.४५ टक्के. राज्याचा कर २३३ डॉलर. पहिल्या पंधराशेला ६२३, आणि पुढच्या एकोणीस हजारांना २३३.

म्हणजे दर वर्षी रेघेच्या जरा पुढे पाय टाकणं हा सगळ्यात महागडा प्रकार. एक तर अलीकडे थांबायचं, नाहीतर एकाच वर्षी ओलांडून छप्पर, गाडी, जे काय असेल ते उरकून घ्यायचं. वॉशिंग्टनच्या कराचा हिशेब त्यासोबत बघावा लागतो, तिथे २२ टक्के आहेतच, पण काकांच्या बाबतीत त्याने उत्तर बदललं नाही. छप्पर २०२६ मध्ये, पूर्ण पैसे त्याच वर्षी काढायचे, असं ठरलं. काकांनी छपराखाली दोन बादल्या ठेवल्यात.

डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचा फोन आला. दिवाळीपासून ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने बेरीज लिहीत होते. "९८,९०० झालेत. काकूचा शेवटचा पगार धरून. बँकेचं व्याज ३१ ला पडेल, ते दोनशेच्या वर नाही, विचारलंय मी." मग तिकिटांसाठी १२ डिसेंबरला काढलेले दोन हजार त्यात धरलेत, हेही सांगितलं.

जानेवारीत गेलो तेव्हा नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलेलं होतं. फेब्रुवारीचं पान उलटून पाहिलं. १० तारखेभोवती लाल पेनाने गोल होता, आणि शेजारी काकूंच्या अक्षरात माझं नाव.